नाताळ दहा दिवस आधी, आणि गाडी आजोबाच चालवणार!

ताई, सलाम. आम्ही दोघं अहिल्यानगरचे, म्हणजे आमच्या तोंडी अजून नगरच. मी ६९ वर्षांचा, ही ६५. लेक बंगळुरूला नर्स आहे आणि यंदा तिला २४ आणि २५ अशी सलग ड्युटी लागलीये. ही स्वतः मिरजेला नर्सिंग शिकलेली, हिने किती नाताळ वॉर्डात काढलेत ते मला माहितीये, त्यामुळे रुसवाफुगवा काही नाही. ठरलं असं की नाताळ आधीच करायचा, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, तिसऱ्या रविवारी. मी म्हणतो आपली गाडी काढू, करंज्या-चकल्यांचे डबे, नातवाची सायकल, सगळं मागे टाकू. ही म्हणते ट्रेनने चला. माझा हिशोब असा की पहाटे चारला निघालं की रात्री नऊपर्यंत लेकीच्या दारात. पाच वर्षांपूर्वी मी एका दिवसात गेलो होतो. सल्ला द्या, आणि जरा माझ्या बाजूने द्या.
— एक आजोबा

काका, सलाम. तुमच्या बाजूने देते, पण अर्धाच. गाडी घेऊन जा. सायकल ट्रेनमधून न्यायची म्हणजे पार्सल ऑफिसचे हेलपाटे, आणि करंजीचा डबा वरच्या बर्थवर ठेवला की त्याचं काय होतं ते मी बघितलंय. पण ते पहाटे चार आणि रात्री नऊ दोन्ही विसरा. पाच वर्षांपूर्वी गेलात ते ६४ व्या वर्षी, आणि परत आल्यावर किती दिवस कंबर धरून बसला होतात ते पत्रात नाहीये, काकूंना विचारलं तर त्या सांगतील.

हिशोब बघा. नगर-पुणे साधारण १२० किलोमीटर, पुण्याहून बंगळुरू ८४० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ ९६० किलोमीटर. याचे तीन दिवस करा. पहिला दिवस कोल्हापूर, दुसरा दावणगेरे, तिसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला लेकीकडे. रोजचे साडेतीनशेच्या आत-बाहेर आणि शेवटच्या दिवशी तर २६०च. दावणगेरे का, तर तिथला बेण्णे डोसा, लोण्याचा. तुमची शुगर असेल तर एकच खा, पण खा.

आता पहाटेला माझा एवढा विरोध का, तर ऊस. डिसेंबरात साखर कारखान्यांचं गाळप जोरात असतं आणि कराडपासून निपाणीच्या पुढपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागचा दिवा बंद नाहीतर उसाखाली झाकलेला, आणि काही ठिकाणी बैलगाड्या पण. दिवसा हे लांबून दिसतं. पहाटे आणि रात्री तुम्ही अगदी जवळ जाईपर्यंत काही म्हणजे काही दिसत नाही. त्यात नदीकाठच्या पट्ट्यात सकाळी धुकं असतं, कृष्णा म्हणा पंचगंगा म्हणा. सकाळी नीट नाष्टा करून आठनंतर निघायचं आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला, एवढा एक नियम पाळलात तर बाकी चुका माफ. धुक्यात सापडलातच तर लाइट लो बीमवर ठेवा, हाय बीम धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला कळत नाही तुम्ही चाललाय का थांबलाय. आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर रात्री समोरच्या गाडीचा लाइट नुसता फुटतो डोळ्यांपुढे, माणूस ते कबूल करत नाही ही वेगळी गोष्ट. निघायच्या महिनाभर आधी डोळे तपासून घ्या.

आधी जाण्याचा एक फायदा तुमच्या लक्षात आलाय का माहीत नाही. २० डिसेंबरनंतर हाच रस्ता गोव्याला जाणाऱ्यांनी भरून वाहतो, लॉजचे भाव वाढतात, टोलला रांगा. तुम्ही त्याच्या आधी जाऊन परत नगरला येताय. म्हणजे २५ ला आपल्या चर्चच्या उपासनेला तुम्ही आपल्या बाकावर, आणि पाहुण्यांना फराळही घरचा. एका वर्षात दोन नाताळ झाले की तुमचे. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात रुंदीकरणाची कामं बरीच वर्षं चाललीयेत, डायव्हर्जन येतात, तिथे घाई करणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं.

अजून एक, जे बायका पत्रात लिहीत नाहीत. आमच्या घरचे गाडीला बसले की तीन-तीन तास थांबत नाहीत, आणि मी पाणीच पीत नाही मग. कितीतरी काकू-मावश्या हेच करतात, प्रवासभर घोटभर पाण्यावर, आणि मग संध्याकाळी डोकं चढतं, पाय सुजतात. दर दोन तासांनी थांबायचं, मागितलं नाही तरी थांबायचं. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, टायरला हवा हे फुकट असतं, लाजू नका. उतरून दहा मिनिटं चाला, नुसतं दार उघडून आळस देऊ नका.

इन्सुलिन असेल तर डॅशबोर्डवर नको आणि बर्फाला चिकटवूनही नको, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. गार पाऊचमध्ये, टॉवेलात गुंडाळून. शुगरच्या गोळ्या नाहीतर इन्सुलिन घेऊन गाडी चालवणाऱ्याने निघायच्या आधी शुगर बघायची, ९० च्या खाली असेल तर खाऊन, थोडं थांबून, परत बघून मगच स्टिअरिंग, आणि खिशात साखर. डिकीत नाही, खिशात. गोळ्यांच्या वेळा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कागद: लायसन्सची तारीख आजच बघा. ५५ नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि त्याला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो, तुमचं ६४ व्या वर्षी झालं असेल तर ते आत्ताच संपत आलं असणार. फास्टॅगमध्ये पैसे टाकून ठेवा, तो चालला नाही तर टोल जास्त पडतो. हायवेच्या मदतीला १०३३, बाकी कशालाही ११२, दोन्ही काकूंच्या मोबाइलमध्ये पण.

आणि मुक्काम नातेवाइकांकडे करू नका. माहितीये कोल्हापुरात कोणीतरी असणारच. ते मटण करणार, बारापर्यंत गप्पा, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही हुबळीच्या आधी डुलक्या देणार. येताना थांबा त्यांच्याकडे, जाताना लॉज, लिफ्ट असलेलं.

बंगळुरूला पोचल्यावर काय करायचं ते काकूंना मी काय सांगणार, रात्रपाळी करून आलेल्या मुलीला आधी झोपू द्यायचं असतं हे त्यांना पाठ असेल. तुम्ही तेवढं सायकल जोडताना ठोकाठोक करू नका.

ताई, वरच्यासारखंच पण उलट बाजूने. माझे सासरे ७६ चे, सोलापूरहून पुण्याला आमच्याकडे नाताळ करायला येणार, २५ ला त्यांच्या चर्चमध्ये कार्यक्रम असतो म्हणून आमचा घरचा नाताळ आठवडाभर आधी. दरवर्षी स्वतः गाडी चालवत येतात. मला भीती वाटते, नवरा म्हणतो "पप्पांना कोण सांगणार". चावी लपवू का?
— एक सून, पुणे

चावी लपवू नकोस गं. ज्या माणसाने चाळीस वर्षं घर चालवलं त्याची चावी सुनेने लपवली की ती गोष्ट पुढची दहा वर्षं प्रत्येक नाताळला निघते. वय बघू नकोस, गाडी बघ. बंपरला, आरशाला नवीन ओरखडे आहेत का? मग शेजारी बसून तासभर त्यांच्याबरोबर फिर, भाजी आणायला म्हणून. ब्रेक उशिरा लागतो का, उजवीकडे वळताना मान वळते का नुसते डोळे, ओळखीचा रस्ता चुकतोय का, मागचे हॉर्न का वाजवतात हे त्यांना कळतंय का. हे सगळं ठीक असेल तर दिवसाच्या उजेडात अडीचशे किलोमीटर, मध्ये इंदापूर-भिगवणला निवांत थांबून, येऊ दे त्यांना.

ठीक नसेल तर बोलायचं काम तुझ्या नवऱ्याचं, तुझं नाही, हे त्याला माझ्या नावाने सांग. आणि "तुम्हाला आता जमत नाही" असं म्हणायचं नाही. त्याने आदल्या दिवशी ट्रेनने सोलापूरला जायचं, आईच्या हातचं जेवायचं, आणि सकाळी म्हणायचं "पप्पा, मी चालवतो, तुम्ही रस्ता सांगा." रस्ता सांगायला मिळाला ना की अर्धे वडील स्टिअरिंग सोडतात. परत जाताना दिवसाच्या भाड्याने ड्रायव्हर मिळतो, तोही ओळखीचा बघा.

ताई, करंज्या आठ दिवस आधी करून गाडीने न्यायच्यात, टिकतील का? सोबत मटण पण न्यायचं मनात आहे.
— एक आजी, छत्रपती संभाजीनगर

टिकतील, फक्त सारण सुक्या खोबऱ्याचं करा, ओल्या नारळाचं नको. पूर्ण गार झाल्यावर डब्यात, प्रत्येक थराला कागद, आणि डबा गच्च भरलेला हवा. अर्धवट भरला की आत आदळून कडा फुटतात. डबा डिकीत नको, दुपारी डिसेंबरातही डिकी तापते, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. मटण नेऊ नका. मसाला न्या, वाटलेला काळा मसाला बाटलीत, मटण तिकडे मिळतं.

ताई, नमस्कार. आम्ही वसईचे. मुलगा दुबईहून १० डिसेंबरला येतोय आणि २० ला परत, तो उतरणार नाशिकला मुलीकडे, म्हणून आम्ही दोघं गाडीने तिकडे जाऊन तिथेच नाताळ करणार. प्रश्न मनातला आहे. आगमनकाळ म्हणजे वाट बघायचा काळ, त्यात आधीच गोठा (येशूजन्माचा देखावा), केक, गाणी केली तर ते बरोबर का? माझी जाऊ म्हणते हे काय बर्थडे आहे का, सोयीने पुढेमागे करायला.
— एक आजी, वसई

जाऊबाईंना सांगा, खुद्द बेथलेहेमात नाताळ तीनदा होतो. २५ डिसेंबरला कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांचा, ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्स लोकांचा, आणि १९ जानेवारीला तिथल्या आर्मेनियन लोकांचा. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आहेत, गव्हाणी आहे, रात्र आहे, तारीख मात्र नाही. २५ डिसेंबरची रोममधली नोंद मिळते ती इ. स. ३३६ ची. म्हणजे तीनशेच्या वर वर्षं लोटल्यावरची. हे वाद घालायला सांगत नाहीये, तुमच्या मनाला जरा हलकं वाटावं म्हणून.

चर्चचा नाताळ चर्चच्या तारखेला, त्याला आपण हात लावत नाही. तुम्ही २५ ला वसईत मिस्साला जाणारच आहात. घरचं जेवण, फुगे म्हणजे आपले तळलेले गोल पाव, इंद्यालचं आंबट-तिखट कालवण, नातवंडांची गाणी, हे माणसं असतील तेव्हा. आगमनकाळाचा तिसरा रविवार तर आनंदाचाच मानतात, जांभळ्याऐवजी गुलाबी मेणबत्ती लावतात, मुलाच्या सुट्टीत तो बसतोय का बघा. मी तरी त्या दिवशी केक कापला असता आणि पापनिवेदनात त्याचा उल्लेखही केला नसता. काही फादर कडक असतात, तुमचे असतील तर त्यांना विचारून घ्या.

रस्त्याचं पटकन सांगते. चिंचोटी-भिवंडी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल वसईकरांना मी काय शिकवणार. पण पुढे भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्गावर चढा, जून २०२५ पासून तो भाग सुरू झालाय, ७६ किलोमीटरमध्ये इगतपुरी, कसारा घाट टळतो. मध्ये जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा आहे, आजोबांना बोगद्यात गॉगल काढायची आठवण करा. नाशिकला तुमच्यापेक्षा जास्त थंडी, रात्री शालीने भागत नाही, स्वेटर घ्या.

आणि गोठ्याचं माझ्या डोक्यात असं आहे. गोठा मांडा, नातवंडांकडून मांडून घ्या, माती, गवत, गहू पेरून हिरवं केलेलं, मेंढरं, मेंढपाळ सगळं. फक्त गव्हाणी रिकामी ठेवा. बाळ येशू २४ च्या रात्रीच ठेवायचा, तुम्ही वसईहून व्हिडिओ कॉलवर, मुलगा दुबईहून, आणि धाकट्या नातवाने ठेवायचा. वाट बघण्याचा काळ मोडला असं मग जाऊबाई पण म्हणणार नाहीत. फक्त ती मूर्ती निघताना आठवणीने मुलीकडे कपाटात ठेवून या. आमच्या ओळखीतल्या एका आजींनी मागच्या वर्षी जपून म्हणून पर्समध्ये ठेवली आणि तशीच घरी परत आणली, २४ ला रात्री बाराला तिकडे पोरं रिकाम्या गव्हाणीपुढे आणि इकडे आजी पर्स उपसतायत.