वाचक विचारतात : तोशिको अकियोशी यांचं संगीत ऐकायचं कसं?

प्रश्न : जपानहून आलेल्या या बाई अमेरिकेत जॅझ शिकायला गेल्या, की आधीच वाजवत होत्या?

उत्तर : चांगल्याच वाजवत होत्या. जन्म १९२९चा, चीनमधल्या मांचुरियातला. युद्धानंतर कुटुंब जपानला परतलं आणि बेप्पूच्या डान्स हॉलमध्ये त्यांना पियानो वाजवायचं काम मिळालं. १९५३मध्ये टोकियोत नामवंत जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसननं त्यांना ऐकलं आणि निर्माते नॉर्मन ग्रँझ यांच्याकडे शब्द टाकला; त्याच वर्षी रेकॉर्ड झाली. १९५६मध्ये शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत, बॉस्टनच्या बर्कली या संगीत विद्यालयात आल्या. किमोनो घालून जॅझ वाजवणारी बाई म्हणून सुरुवातीला गर्दी जमायची. त्या कुतूहलानं कार्यक्रम मिळाले, संगीतकार म्हणून मान मिळायला मात्र बरीच वर्षं गेली.

प्रश्न : त्यांच्या मोठ्या जॅझ बँडची ‘कोगुन’ ही रचना दोनदा ऐकली. मध्येच ढोल आणि आरोळ्या येतात, ताल सुटल्यासारखा वाटतो. माझं ऐकण्यात काही चुकतंय का?

उत्तर : नाही. तो ढोल म्हणजे नोह या जपानच्या पारंपरिक नाट्यातला त्सुझुमी. आकार डमरूसारखा, खांद्यावर धरून हातानं वाजवतात आणि दोऱ्या आवळून-सैल करून स्वर वर-खाली करतात. आरोळ्या त्सुझुमीवादकांच्याच. नोहमध्ये दोन ठोक्यांमधलं अंतर ताणलं जातं, स्विंगला, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीला, मात्र घड्याळासारखी चाल लागते. दोन्ही एकाच मात्रेत कोंबली तर एकाचा जीव जातो. म्हणून त्सुझुमी बँडच्या ड्रमशी जुळवू नका, वर तरंगणारा वेगळा थर समजा. ‘कोगुन’ म्हणजे एकाकी सैन्य. युद्ध संपल्याचं न मानता फिलिपिन्सच्या जंगलात तब्बल २९ वर्षं राहिलेला सैनिक हिरो ओनोदा १९७४मध्ये बाहेर आला, त्यावरून ही रचना सुचली.

प्रश्न : बँडमध्ये बासऱ्या नेमक्या कोण वाजवतं? वेगळे वादक दिसत नाहीत.

उत्तर : सॅक्सोफोनवालेच. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रोम्बोन, पियानो, बास, ड्रम असा सोळा जणांचा नेहमीचा साचा. अकियोशी त्या पाचांच्या हाती मधूनच बासरी, क्लॅरिनेट द्यायच्या. गोम इथंच आहे: वाद्य बदलायला त्यांना काही मात्रांची मोकळीक लिहूनच द्यावी लागते, नाहीतर पहिला स्वर कच्चा लागतो. शिवाय बासरीचे खालचे स्वर ट्रम्पेटखाली सहज बुडतात. तेव्हा पितळी वाद्यांना गप्प तरी बसवायचं, नाहीतर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावायचा. मुख्य बासरी पती ल्यू टबॅकिन यांची, टेनर सॅक्सोफोनही त्यांचाच. हेडफोन लावून एकदा फक्त बासरीचा माग काढा.

प्रश्न : इतका नावाजलेला बँड बंद का केला?

उत्तर : १९७३मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला बँड २००३मध्ये त्यांनी स्वतःच थांबवला. पियानोला पुरेसा वेळ मिळत नव्हता.