हिमयुगातल्या गाळात ज्याचे परागकण जास्त, तीच झाडं तेव्हा जास्त होती का?

तुम्ही विचारलंय तसा सरळ हिशोब असता तर आमचं, म्हणजे जुने परागकण मोजणाऱ्यांचं, काम फार सोपं झालं असतं. तो तसा नसतो.

परागकणाचं कवच कमालीचं चिवट असतं. तळ्याच्या तळाचा गाळ हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकला की वाळू-माती विरघळते, कण शाबूत राहतात. (हे आम्ल कातडीतून थेट हाडापर्यंत पोचतं, त्यामुळे तिथे चेष्टा नाही.) मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखत मोजायचा. पाइनच्या कणाला दोन बाजूंना दोन हवेच्या पिशव्या असतात. गवताचा कण गोल, एकच छिद्र असलेला. गवत आहे हे लगेच कळतं, पण कुठलं ते सहसा सांगता येत नाही.

1916 साली स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी अशा मोजणीचे टक्केवारीचे आलेख मांडले आणि हे शास्त्र उभं राहिलं. घोळही टक्केवारीतच आहे. पाइनचे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. आसपास जवळजवळ उजाड माळ असेल, तर लांबून आलेले थोडेसे कणही टक्केवारीत भाव खाऊन जातात. त्यात हिमनदीने जुने थर खरवडून आणले असतील, तर लाखो वर्षांपूर्वीचे कणही त्याच स्लाइडवर येऊन बसतात.

म्हणून गाळात बाहेरून आणलेले, ठरावीक संख्येचे बीजाणू मिसळतात आणि त्यांच्या प्रमाणावरून मूळ कण एकूण किती, ते काढतात. थरांचं वय रेडिओकार्बनने कळलं की दरवर्षी चौरस सेंटीमीटरवर किती कण पडत होते, हेही निघतं. कॅनडातल्या उत्तर युकॉनच्या हँगिंग लेकमध्ये हा आकडा फारच कमी निघाला. त्यावरून क्विनर आणि रिची यांनी 1980 मध्ये मांडलं की तिथे भरघोस गवताळ कुरण नव्हतं, विरळ खुरटी झुडपं-गवतं होती.

मग त्याच भागात हाडं सापडणारे मॅमथ, घोडे, बायसन खात काय होते? हा वाद बरीच वर्षं चालला. 2014 मध्ये गोठलेल्या मातीतल्या डीएनएचा मोठा अभ्यास आला. त्यात गवतांपेक्षा छोट्या फुलझाडांचा वाटा मोठा दिसला. यांतल्या बऱ्याच जणांचं परागण कीटक करतात, त्यामुळे त्यांचे कण मुळात थोडे आणि तळ्यापर्यंत पोचतात त्याहून थोडे. मॅमथच्या पोटात जे जात होतं, त्यातलं बरंचसं आमच्या स्लाइडवर आलंच नव्हतं.

असा आलेख समोर आला तर मी आधी आडव्या अक्षावर टक्के आहेत की दरवर्षीची संख्या, तेवढं बघून घेतो.