मराठी दुकानदारांसाठी एकट्यानं अ‍ॅप करतोय. कोणती अ‍ॅप्स बघू आणि डिझाइनसाठी काय वापरू?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: किराणा दुकानदारांच्या उधारीचं अ‍ॅप, मराठीत, अँड्रॉइडवर, काम करणारे तुम्ही एकटेच. डिझाइन शिकलेला नाहीत, पैसे फारसे घालायचे नाहीत आणि 'टॉप ५० रिसोर्सेस' छापाच्या याद्या वाचून गोंधळ आणखी वाढलाय. मी अ‍ॅपच्या स्क्रीन आखायचंच काम करतो, आणि माझ्या मते त्या याद्यांतल्या पंचेचाळीस गोष्टींवाचून तुमचं काहीही अडणार नाही. अडेल ते मराठी मजकुरापाशी, आणि त्याबद्दल त्या याद्यांत अवाक्षर नसतं.

आधी बघण्यासारखी अ‍ॅप्स. खाताबुक तर बघाच, ते तुमच्याच धंद्यातलं आहे. त्याची नक्कल करू नका, पण एक गोष्ट नीट निरखा: ग्राहकाच्या पानावर खाली दोनच मोठी बटणं, एक लाल, एक हिरवं. इंग्रजीत 'यू गेव्ह' आणि 'यू गॉट'. जमा-नावे, क्रेडिट-डेबिट ही भाषाच नाही. दिले की मिळाले, एवढंच. काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी असताना माणूस याहून जास्त विचार करत नाही. दुसरं एम-इंडिकेटर. दिसायला साधंसुधं, पण लोकलचं वेळापत्रक नेट नसतानाही दाखवतं. म्हणून तर मुंबईत ते फोनफोनात आहे. तुमच्या अ‍ॅपातही नोंद आधी फोनमध्ये साठली पाहिजे आणि सर्व्हरवर सावकाश गेली पाहिजे. गोल फिरणारं चक्र बघत दुकानदार थांबणार नाही, तो सरळ वही काढेल.

मॉबिन या वेबसाइटवर खऱ्या अ‍ॅप्सचे स्क्रीनशॉट क्रमानं लावलेले मिळतात. नोंदणी, शोध, रिकामी स्क्रीन हे इतरांनी कसं हाताळलंय ते बघायला ते उत्तम, फुकट जेवढं दिसतं तेवढं पुरे. ड्रिबल या डिझायनर आपली चित्रं मांडतात त्या साइटवर मात्र वेळ घालवू नका. तिथली बरीच चित्रं कधी अ‍ॅप झालेलीच नसतात. त्यांत ग्राहकाचं नाव नेहमी चार अक्षरी असतं. तुमच्याकडे 'श्री समर्थ किराणा व जनरल स्टोअर्स' येणार आहे.

स्क्रीन आखायला फिग्मा हे सॉफ्टवेअर. फुकटातला प्लॅन एकट्या माणसाला पुरतो. कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहायचं नसेल तर पेनपॉट आहे, ते मुक्त स्रोत आहे. फिग्माचं मोबाइल अ‍ॅप टाका आणि आखलेली स्क्रीन खऱ्या फोनवर उघडून बघा. लॅपटॉपवर ऐसपैस दिसणारी स्क्रीन हातात आली की गिचमीड होते. बटणं, चौकटी असे घटक गूगलच्या मटेरियल ३ या तयार डिझाइन-संचातलेच घ्या, स्वतः बटण घडवत बसू नका. त्यांचा एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: बोट लावायची कुठलीही जागा ४८ डीपीपेक्षा (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) लहान नको, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. आयकॉनला मटेरियल सिम्बॉल्स किंवा फॉस्फर, दोन्ही फुकट. पण एकच संच निवडा, सरमिसळ लगेच डोळ्यात येते.

आता मुद्द्याचं. फाँट गूगल फाँट्सवरून घ्या, परवाना खुला असतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' मला अ‍ॅपसाठी सगळ्यात भरवशाचा वाटतो. सात वजनं (जाडीचे प्रकार) आहेत आणि लहान आकारातही जोडाक्षरं कळतात. बाकी अ‍ॅपभर रोबोटो हा गूगलचा इंग्रजी फाँट असेल तर त्याच्या जोडीला बसेल असा मुद्दाम केलेला फाँट आहे, नाव यंत्रमानव. (नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.) मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात: फाँटात ती रूपं असली पाहिजेत आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलेलं पाहिजे. नाहीतर हिंदी वळण येतं. वाचायला अडत नाही, पण आपल्या माणसाला जाणवतं.

तयार घटकांमधली मापं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून ठरलेली असतात. फिग्मात बटणावर 'सबमिट'ऐवजी 'कर्जपूर्तीची नोंद' लिहून बघा. 'पू'चा ऊकार खाली लोंबतो, 'र्ती'ची वेलांटी आणि रफार वर जातात, आणि बटणाची उंची ठोकून ठेवलेली असेल तर एक तरी छाटलं जातं. एका बँकेच्या अ‍ॅपात मला कित्येक महिने रफाराशिवायचा 'खर्च' दिसत होता. उंची आकड्यानं बांधू नका, आतली मोकळी जागा ठरवा आणि उंची मजकुराला ठरवू द्या. दोन ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. दुसरी भानगड अक्षरांमधल्या अंतराची. मटेरियलच्या जुन्या आवृत्तीत बटणावरच्या अक्षरांमध्ये जादा अंतर असायचं, इंग्रजी कॅपिटलला ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषाच तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर सगळीकडे शून्य करा. चाचणीला एक वाक्य कायम जवळ ठेवा, ज्यात 'व्यापाऱ्याच्या', 'कर्जपूर्ती', 'अ‍ॅप' हे सगळं येईल. लोरेम इप्सम हा जागा भरायचा निरर्थक मजकूर फाइलमध्ये येऊच देऊ नका.

आणि आकडे! फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइड आकडे आपोआप देवनागरीत मांडतो, १,२३,४५६ असे. भाषा हिंदी असताना असं होत नाही, त्यामुळे हिंदीवर तपासून 'चालतंय' म्हणणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. स्क्रीनवर छान दिसतं, पण तोच मजकूर सर्व्हरला गेला तर त्याला '४५०.५०' ही रक्कम आहे हे कळत नाही, आणि कोडमध्ये पुन्हा दशांश संख्या म्हणून वाचायला गेलात तर अ‍ॅप बंद पडतं. दाखवायचे आकडे फोनच्या लोकेलनं (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगनं) मांडा, साठवायचे आणि पाठवायचे नेहमी लोकेल रूटनं, म्हणजे कुठल्याही भाषेशी न बांधलेल्या मांडणीनं. उलट बाजूनं, दुकानदार कीबोर्डवरून ५०० देवनागरीतही टाइप करेल, ते मुकाट्यानं स्वीकारा. शोधातही तसंच: काहीजण ॲ एकच अक्षर म्हणून टाइप करतात, काहीजण अ वर अर्धचंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. 'ॲड. पाटील' हे गिऱ्हाईक सापडायचं असेल तर शोधण्यापूर्वी दोन्ही एकाच रूपात आणा.

तपासायला फार काही लागत नाही. गूगलचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर फोनवर टाका, ते लहान बटणं आणि फिकट अक्षरं दाखवून देतं. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजेडाचा फरक निदान ४.५ ला १ हवा. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं ऊन येणाऱ्या काउंटरवर नाहीशी होतात. मग फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा आणि अख्खं अ‍ॅप एकदा फिरून या. अँड्रॉइड १४ पासून तो दुपटीपर्यंत जातो, आणि चाळिशी लागलेले दुकानदार तो खरंच वाढवतात.

प्ले स्टोअरचं नोंदणीशुल्क २५ डॉलर, एकदाच. नवीन वैयक्तिक खात्याला मात्र अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. लोक यासाठी मित्रांना गळ घालतात, ते अ‍ॅप टाकतात आणि विसरतात. तुम्ही तुमच्या गल्लीतले किराणावाले, दूधवाले, स्टेशनरीवाले धरा, आणि त्यांचे फोन जुने असतील तर फारच उत्तम. चौदा दिवस ते तुमच्या अ‍ॅपात खरी उधारी लिहितील. कुठलं बटण कुणाला सापडत नाही हे बघायला संध्याकाळी गर्दीच्या वेळी दुकानात जाऊन उभे राहा, फक्त बाजूला.