वायर धरू की पाइप?

प्रश्न : दादा, माझा धाकटा भाऊ यंदा दहावी झाला, ५८ टक्के, पुढे कॉलेज नको म्हणतोय. आयटीआयला इलेक्ट्रिशियन घ्यावं की प्लंबर? मामा म्हणतात प्लंबर १ वर्षात कमवायला लागतो, तिकडे २ वर्षं कशाला घालवायची. आम्ही बार्शीकडचे, पण तो पुण्याला यायला तयार आहे. पैसा कशात जास्त?

उत्तर : ताई, वर्षांचं मामा बरोबर सांगतायत. पण रोजाचं म्हणाल तर दोघांत काही फरक नाही हो, मी पुण्यात दोन्ही टीम चालवतो, आमच्याकडे हेल्परला ६००-७०० आणि हात बसलेल्या मिस्त्रीला १०००-१२००, मग तो वायर ओढो नाहीतर पाइप जोडो.

नोकरीच पाहिजे असेल तर डोळे झाकून इलेक्ट्रिशियन. महावितरणची विद्युत सहाय्यकाची भरती इलेक्ट्रिशियन नाहीतर वायरमन झालेल्यांसाठीच असते, २०२३ च्या जाहिरातीत ५३४७ जागा होत्या, पहिली ३ वर्षं कंत्राटी, सुरुवात महिना १५ हजार, मग तंत्रज्ञ म्हणून घेतात. शिवाय रेल्वे आहे, कंपन्यांचं मेंटेनन्स आहे. प्लंबरसाठी एवढी मोठी भरती मी तरी बघितली नाही.

पण स्वतःचं काम करायचं असेल तर माझं मत प्लंबरला. वायरिंग एकदा नीट झालं की लोक दहा-दहा वर्षं फोन करत नाहीत, पाणी मात्र गळतंच. गेल्या पावसाळ्यात एका फ्लॅटच्या छताला ताटाएवढा ओला डाग आला, दोघं येऊन वरची अख्खी बाथरूम फोडा म्हणून गेले. आमच्या पोराने आधी बेसिनचं पाणी सोडलं, काही नाही, मग नहाणीत दोन बादल्या ओतल्या आणि दहा मिनिटांत खाली टपटप सुरू, म्हणजे नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याचा) जॉइंट. चार फरश्या काढून काम संपलं. आता त्या सोसायटीत कुणाचा साधा कॉक जरी बिघडला तरी फोन त्यालाच.

आणि ही कामं करतंय कोण तर ओडिशातल्या केंद्रापाड्याची पोरं, तिकडे पट्टामुंडईला प्लंबिंगची सरकारी संस्थाच आहे. आपली पोरं 'संडासाचं काम' म्हणून नाक मुरडतात आणि मग गावाकडे बसून काम नाही म्हणतात, राग येतो मला.

भावाला आधी ८ दिवस एखाद्या साइटवर पाठवा. भर उन्हात स्लॅबच्या सळ्यांवर वाकून कन्ड्यूट (वायर ओढायचे पाइप) बांधू दे, आणि एक दिवस तुंबलेल्या चेंबरमध्ये हात घालू दे, मग विचारा त्याला, मामांना नको.

फॉर्ममध्ये दोन्ही ट्रेड टाका. इलेक्ट्रिशियनची मेरिट चढी लागते, ५८ वर चांगल्या सरकारी आयटीआयला नंबर लागेलच असं नाही, म्हणून मध्ये वायरमन पण टाकून ठेवा, तो पण २ वर्षांचाच आहे.