पुस्तक संपलं, सिरीज चालूच!

प्रश्न : ताई, ‘गुड ओमेन्स’ या एका देवदूताच्या आणि एका सैतानाच्या दोस्तीवरच्या इंग्रजी सिरीजचा पहिला सिझन भावाने लावून दिला, सहाच्या सहा भाग दोन रात्रीत संपवले आणि मग पुस्तक मागवलं, तर गोष्ट तिथंच संपलीये की! मग दुसरा सिझन आणला कुठून? आता त्याचे दोनच भाग झालेत आणि मन लागेना. पुस्तक दोघांनी लिहिलेलं, त्यातले टेरी प्रॅचेट २०१५ मध्ये गेले. आमच्या आजोबांचा आणि त्यांच्या भावाचा एकच माग होता, एकाला न विचारता दुसरा चादरीची डिझाईन बदलायचा नाही. मग हे चालतं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मागाचं उदाहरण आवडलं, पण इथं विचारून झालेलं होतं बघा. पुस्तक आलं १९९० ला, आणि त्याच्या आधीच, १९८९ मध्ये सिएटलला एका संमेलनासाठी गेले असताना प्रॅचेट आणि नील गेमन पैसे वाचवायला हॉटेलच्या एकाच खोलीत राहिले होते, तिथं झोप येईना म्हणून पडल्या पडल्या पुढच्या भागाची गोष्ट रचली, ती लिहायची मात्र राहूनच गेली. पहिल्या सिझनमधले गेब्रिएल वगैरे देवदूत त्या न लिहिलेल्या भागातूनच उचललेत, म्हणून तर ते पुस्तकात सापडत नाहीत. आणि एकट्याने सिरीज लिहायला गेमन आधी तयारच नव्हता, प्रॅचेट गेल्यावर त्यांनी मागे ठेवलेलं पत्र हातात पडलं, तू कर म्हणून, तेव्हा बसला लिहायला.

नाहीतर प्रॅचेट या बाबतीत भलते कडक. अर्धवट राहिलेलं लिखाण कुणी पुरं करू नये ही त्यांची इच्छा, म्हणून २०१७ मध्ये त्यांच्या हार्ड डिस्कवरून चक्क वाफेचा रोडरोलर फिरवला! रोडरोलर हो, डांबरी रस्त्यावरचा!! त्या माणसाने ही एक गोष्ट चालू ठेवायला सांगितली, तर मला तरी त्यात वावगं वाटत नाही.

आता दुसरा सिझन, २०२३ चा. हा ती खोलीतली गोष्ट नाहीच, तिथंपर्यंत न्यायला बांधलेला पूल आहे, आणि तो गेमनने जॉन फिनेमोर या विनोदी लेखकाला सोबत घेऊन लिहिला. खरं सांगू, मधे मधे तो मलाही रेंगाळल्यासारखा वाटला, दुकानदारांच्या प्रेमाची भानगड तर नको नको झाली, पण देवदूत झालेला मायकल शीन आणि सैतान झालेला डेव्हिड टेनंट नुसते समोरासमोर उभे राहिले तरी आपण हलत नाही.

मूळ गोष्ट तिसऱ्यात यायची होती. तो २०२३ च्या डिसेंबरात जाहीर झाला, पण पुढच्या वर्षी गेमनवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, त्याने ते नाकारलेत, तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरलं की तो निर्मितीत नसेल आणि अख्ख्या सिझनऐवजी ९० मिनिटांचा एकच भाग होईल. दोघांनी रात्रभर रचलेली गोष्ट दीड तासात कोंबायची म्हणजे माझ्या तर पोटात गोळाच येतो.

तुम्ही उरलेले चार भाग बघून टाका. शेवटचा मात्र रात्री उशिरा लावू नका, झोप लागायची नाही.