वायर गेली, सावली राहिली

तुमची पोस्ट वाचताना मला माझाच एक जुना फोटो आठवला. आजोबांच्या डोक्यामागून जाणारी विजेची वायर तुम्ही पुसली, स्क्रीनवर सगळे ठीक वाटले, मोठी प्रिंट हाती आल्यावर मात्र भिंतीवर डाग दिसू लागले आणि मूळ फाइलवरच सेव्ह झालेले असल्यामुळे आता मागे जाता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. फोटोशॉपमधला क्लोन स्टॅम्प (एका जागेचा नमुना उचलून दुसऱ्या जागी उमटवणारे साधन) तुम्हाला वापरता येतो हे उघड आहे, त्यामुळे त्याची प्राथमिक माहिती देत नाही. मी व्यावसायिक नाही आणि माझ्याकडचे फोटोशॉपही जुने आहे. मेनूतली नावे थोडी इकडेतिकडे असतील, तर समजून घ्या.

माझ्या फोटोत वडील रंग उडालेल्या भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या उजव्या कानामागून एक काळी वायर तिरपी गेली होती. मी ती थेट मूळ लेयरवर (चित्राच्या थरावर), मऊ कडेच्या ब्रशने, शेजारच्या एकाच जागेचा नमुना पुन्हा पुन्हा उचलत पुसली, सवयीप्रमाणे दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस दाबत राहिलो आणि काम झाल्याच्या आनंदात कॅमेऱ्यातले कार्ड फॉरमॅट करून टाकले. फाइल जेपीईजी होती. जेपीईजीमध्ये लेयर टिकत नाहीत आणि प्रोग्रॅम बंद केला की हिस्टरीही (मागच्या पायऱ्यांची यादी) जाते, हे मला माहीत नव्हते असे नाही. त्या वेळी लक्षातच आले नाही. 20 बाय 30 इंचांची प्रिंट आली तेव्हा भिंतीवरचा स्वल्पविरामाच्या आकाराचा एक पोपडा एका ओळीत पाच वेळा उमटलेला होता, कानाची वरची कड भिंतीत विरून गेली होती, आणि वायर कुठेच नसताना तिची सावली मात्र भिंतीवर जशीच्या तशी होती.

प्रिंट करणाऱ्या लॅबचे नाव घेत नाही. त्यांनी न विचारता फोटोचा कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस वाढवला होता, त्यामुळे माझ्या स्क्रीनवर दबून राहिलेले ठिगळ कागदावर ठळक झाले. तीन फेऱ्या मारल्या; प्रत्येक वेळी समोरच्या माणसाने ‘आलेली फाइल आम्ही छापतो’ एवढेच ऐकवले आणि पुन्हा छापायचे तर पूर्ण पैसे पडतील, हेही. निम्मी चूक माझी होती हे मान्य आहे, पण ऑर्डर देताना ‘ऑटो करेक्शन नको’ असे लेखी सांगावे लागते, हे निदान एकाने तरी आधी सांगायला हवे होते. तुम्ही ते लिहूनच द्या.

आता कामाचे. सगळी पुसापुशी वेगळ्या, रिकाम्या लेयरवर करा आणि क्लोन स्टॅम्पच्या ‘सॅम्पल’मध्ये ‘करंट अँड बिलो’ निवडा. मूळ चित्राला हातच लागत नाही आणि नको तो भाग नंतर खोडता येतो. माझे ऐकायचे तर बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका. फाइल पीएसडी (लेयर टिकवणारा फोटोशॉपचा स्वतःचा प्रकार) म्हणून ठेवा, जेपीईजी शेवटी वेगळ्या नावाने काढा.

हीलिंग ब्रश मोकळ्या भिंतीवर उत्तम चालतो, पण कान, केस किंवा चौकटीच्या कडेला तो दगा देतो, कारण तो उचललेला पोत भोवतालच्या रंगात मिसळवतो आणि शेजारी गडद काही असेल तर ते काळपट होऊन आत पसरते. तुमच्या प्रिंटमधले डाग केसांच्या कडेलाच असतील, तर कारण बहुधा हेच असावे. अशा ठिकाणी आधी कडेचे सिलेक्शन करून घ्या, त्याच्या आत क्लोन स्टॅम्प वापरा आणि ब्रशची हार्डनेस (कडेचा कठीणपणा) 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास ठेवा; अगदी मऊ ब्रशने ग्रेन (फोटोतले बारीक कण) पुसले जाते आणि भिंत मेणचट दिसते. नमुना मात्र प्रत्येक दोन-तीन फटकाऱ्यांनंतर नव्या जागेवरून घ्या.

तपासणीसाठी सर्वांत वर तात्पुरता कर्व्ह्ज लेयर (उजेड-अंधार कमीजास्त करणारा) टाकून कॉन्ट्रास्ट भडक करा आणि 100 टक्के झूमवर चित्र एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहा. लॅबने माझे जे वाभाडे काढले, ते या लेयरने घरच्या घरी निघाले असते.

2010 मध्ये फोटोशॉपच्या सीएस5 आवृत्तीबरोबर आलेले कंटेंट-अवेअर फिल (भोवतालचे पाहून निवडलेली जागा आपोआप भरणारे) आकाश, गवत, वाळू यांसाठी मी बिनदिक्कत वापरतो. फक्त नमुना कुठून घ्यायचा याचे क्षेत्र आखून द्या, नाहीतर भिंतीत कानाचा तुकडा उगवतो. 2023 पासूनचे जनरेटिव्ह फिल (एआयने नवे चित्र तयार करून जागा भरणारे) मात्र माणसाच्या चेहऱ्याजवळ मी वापरत नाही. ते कान सुरेख काढील, पण तो माझ्या वडिलांचा कान नसेल. हे माझे वैयक्तिक मत आहे. कोणाकोणाला ते पटणार नाही. (एक अवांतर: फोटो बातमीसाठी जाणार असेल तर यातले काहीच करू नका. कोपऱ्यात आलेला दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा पुसल्यामुळे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2014 मध्ये सीरियात काम केलेल्या एका पुरस्कारप्राप्त छायाचित्रकाराशी संबंध तोडले होते.)

फोटो घेतलेले कार्ड फॉरमॅट केले असून ते अजून कॅमेऱ्यातच आहे, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. ते आत्ताच बाहेर काढा. कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त फाइलींची यादी पुसली जाते, फोटो त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत आत असतात आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने ते पुष्कळदा परत मिळतात. मिळालेल्या फाइली मात्र त्याच कार्डवर साठवू नका. मला हे कळले तेव्हा त्या कार्डवर मी आणखी दोनेकशे फोटो काढून बसलो होतो.