पेट्रोल का इलेक्ट्रिक? घरासाठी प्रेशर वॉशर
मालक, घरासाठी प्रेशर वॉशर, म्हंजी जोरात पाणी मारून धुवायचं मशीन, घ्यायचं तर पेट्रोलवालं डोक्यातनं काढा. गाडी न अंगण धुवायला इलेक्ट्रिकच बास झालं, पेट्रोलचं कुणाला तर जिथं लाईट नाही तिथं ट्रॅक्टर, जेसीबी धुणाऱ्याला, घरी नुसता आवाज, ऑइल बदला, कार्बोरेटर साफ करा न बंद पार्किंगमधी धूर जिवावर बेतंल ते वेगळंच. खरं बघायचं ते पाणी. सोलापुरात नळ रोज येतोय कुठं, म्हणून टाकीतनं, बादलीतनं स्वतः पाणी ओढणारं सेल्फ प्रायमिंगच घ्या, आधी पाईप पाण्यानं भरून हवा काढायची मगच मशीन चालू, कोरडं पळवलं की पंपाचं सील गेलं. बोरचं पाणी असंल तर इनलेटची, म्हंजी पाणी आत जातं तिथली, जाळी काढून धुत जावा, क्षार धरतोय. आणि सॉकेट १५ अँपिअरचा पायजे बरं का, बारक्या एक्स्टेन्शनची वायर तापती.